ग्रामपंचायतीचे वीजबिल आणि ग्रामस्वराज्य

ग्रामपंचायतीला दिवाबत्तीसाठी पन्नास दिवे विकत घ्यावयाचे असले, तर दरपत्रके मागवावी लागतात, त्यांचा तुलनात्मक तक्ता करावा लागतो, मासिक सभेत ठराव करावा लागतो आणि पुढे लेखापरीक्षणात त्या ठरावाचा जाब द्यावा लागतो. परंतु ते दिवे ज्या विजेवर जळतात त्या विजेसाठी यांपैकी काहीच नसते. दर ठरलेला असतो, विक्रेता ठरलेला असतो, अटी ठरलेल्या असतात. ग्रामपंचायतीच्या हाती येते ते केवळ बिल. वर्षाच्या खर्चातील सर्वांत मोठ्या रकमांपैकी एक रक्कम अशा रीतीने कोणत्याही निर्णयाविना खर्ची पडते. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की, ती विचार करण्याजोगी आहे असेही कोणाला वाटत नाही. ग्रामस्वराज्याची भाषा करणाऱ्यांनी तरी तिचा विचार केला पाहिजे.

नंदुरबार जिल्ह्याच्या नवापूर तालुक्यातील विसरवाडीचे उदाहरण घ्यावे. सुरत-धुळे महामार्गावरील हे बाजाराचे गाव. पूर्वेला कोंडाईबारीचा घाट चढला की साक्री तालुका लागतो. आसपासच्या आदिवासी पाड्यांतील माणसे बाजारहाटासाठी, औषधपाण्यासाठी आणि सरकारी कामासाठी येथे येतात. असे गाव केवळ आपल्या रहिवाशांसाठी दिवे लावीत नाही. बाजाराहून उशिरा परतणाऱ्या बाया, महामार्ग ओलांडणारी मुले आणि रात्री रुग्णाला घेऊन आलेले नातेवाईक यांच्यासाठीही ते दिवे लावते. त्याचा खर्च मात्र एकाच ग्रामपंचायतीच्या नावावर पडतो. राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीखालील क्षेत्रात मोडणाऱ्या या तालुक्याला १९९६ च्या पेसा कायद्याने ग्रामसभेचे विशेष अधिकार दिले आहेत. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या अकराव्या अनुसूचीत तर ‘ग्रामीण विद्युतीकरण, विजेच्या वितरणासह’ असा विषय स्वच्छ शब्दांत नमूद आहे. अपारंपरिक ऊर्जा हा विषयही त्याच यादीत आहे. घटनेने पंचायतीला जे कागदावर देऊ केले, त्यातील बिल तेवढे प्रत्यक्षात तिच्यापर्यंत पोहोचले.

येथे एका विसंगतीकडे लक्ष वेधले पाहिजे. हा जिल्हा विजेचा केवळ ग्राहक नाही. विजेसाठी त्याने फार मोठी किंमत मोजली आहे. १९७२ मध्ये तापीवर उकाई धरण पूर्ण झाले. त्याच्या जलाशयाने नवापूर तालुक्यातील शेते आणि वस्त्या गिळल्या. ३०० मेगावॉटचे वीजगृह गुजरातेत उभे राहिले. सरदार सरोवरात अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांतील ३३ गावे बाधित झाली. नर्मदा लवादाच्या १९७९ च्या निवाड्याप्रमाणे तेथील विजेत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के. हा वाटा राज्याच्या खात्यात जमा होतो; ज्या जिल्ह्याने जमीन दिली त्याच्या ग्रामपंचायतींच्या बिलात त्याची एका पैशाचीही वजावट दिसत नाही. घाटापलीकडे साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग उभी आहे आणि शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून चालू आहे. पाणी, वारा आणि ऊन ही तिन्ही ज्या टापूत विजेत रूपांतरित होतात, त्याच टापूतील ग्रामपंचायतीला रस्त्यावरचे दिवे चालू ठेवण्याची विवंचना पडावी, याला केवळ योगायोग म्हणता येणार नाही.

बिल कसे ठरते हे पाहू. महाराष्ट्र राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले. २००३ च्या विद्युत कायद्यानंतर, जून २००५ मध्ये, त्याचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरण कंपनीकडे आले. दर ठरविण्याचे काम वीज नियामक आयोगाचे. आयोगाच्या दरपत्रकात सार्वजनिक पाणीपुरवठ्याचा एक वर्ग आहे आणि पथदिव्यांचा दुसरा. प्रत्येक वर्गाला स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार आणि वेळोवेळी लागणारा इंधन समायोजन आकार आहे. दर ठरविण्यापूर्वी हरकती मागविणे कायद्याने बंधनकारक आहे. परंतु या हरकती कोण घेतो? उद्योजकांच्या संघटना वकील व हिशेबतपासनीस घेऊन उपस्थित राहतात. शहरांतील ग्राहकसंस्था अभ्यास करून येतात. शेकडो पानांचा प्रस्ताव वाचून त्यावर हरकत लिहिण्याची साधने गावच्या सरपंचाकडे नसतात आणि अनेक गावांचा कारभार एकाच वेळी सांभाळणाऱ्या ग्रामसेवकाला त्यासाठी उसंतही नसते. ज्या बाजारात एक बाजू संघटित आणि दुसरी विखुरलेली असते, तेथे भार विखुरलेल्यांवर सरकतो, हा अर्थशास्त्राचा जुना धडा आहे.

पैसे कोठून येतात हा दुसरा प्रश्न. दीर्घकाळ पथदिव्यांच्या बिलांचा भार राज्य शासन उचलीत असे. थकबाकी साचत गेली आणि २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने ही बिले पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून भरण्यास ग्रामपंचायतींना सांगितले. त्या सुमारास राज्यात ठिकठिकाणी पथदिव्यांची आणि पाणी योजनांची जोडणी तोडली गेली, गावे अंधारात राहिली आणि सरपंचांच्या संघटनांनी आंदोलने केली. २०२१ ते २०२६ या काळासाठीच्या त्या अनुदानापैकी ६० टक्के रक्कम पाणी व स्वच्छतेसाठी बांधलेली आणि केवळ ४० टक्के अबंधित होती. गावाने आपल्या गरजेप्रमाणे गटार, अंगणवाडीची दुरुस्ती किंवा पाड्यावरचा रस्ता करावा, हा अबंधित रकमेमागील हेतू. त्यातूनच दिव्यांचे बिल द्यावयाचे म्हटल्यावर तो हेतू बिलाच्या रकमेइतका आकसला. केंद्राने दिलेला पैसा गावाच्या खात्यावर क्षणभर विसावून राज्याच्याच कंपनीकडे गेला. हिशेबवहीत याला ग्रामविकासावरील खर्च म्हणतात.

भर अशी की, बिल वाढविणारी कामे गावाबाहेर ठरतात. २०१९ च्या जलजीवन मिशनने माणशी रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे उद्दिष्ट ठेवले. उद्दिष्ट उत्तमच आहे. डोक्यावरचा हंडा उतरावा यासाठी समाजवादी चळवळीने किती मोर्चे काढले ते सांगण्याची गरज नाही. पण टाकी आणि नळ यांचा भांडवली खर्च सरकारे उचलतात आणि पंप चालविण्याचा खर्च कायमचा ग्रामपंचायतीकडे येतो. उद्घाटनाचा नारळ वरच्यांनी फोडावयाचा आणि पंपाचे बिल खालच्यांनी भरावयाचे, अशी ही वाटणी आहे. बिल थकले की वीज तुटते, वीज तुटली की नळ कोरडा पडतो आणि हंडा पुन्हा त्याच डोक्यावर चढतो.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो व तो टाळून चालणार नाही. ग्रामपंचायती घरपट्टी, पाणीपट्टी आणि दिवाबत्ती कर नीट वसूल करीत नाहीत. मतांच्या भीतीने सरपंच थकबाकीदाराला हात लावीत नाही. मग बिल थकले तर दोष कंपनीचा कसा? या आक्षेपात तथ्य आहे. १९५८ च्या ग्रामपंचायत अधिनियमाने हे कर बसविण्याचा अधिकार पंचायतीला दिला आहे आणि वसुलीविना कोणतीही संस्था चालत नाही. अनेक गावांत दिवसाउजेडी पथदिवे जळत असतात, कारण बंद करण्याची कळच बसविलेली नसते; हा दोषही गावाचाच. महावितरणला वीज फुकट मिळत नाही आणि तिची थकबाकी शेवटी दुसऱ्या ग्राहकाच्या दरात उतरते. तथापि आदिवासी पाड्यातील कुडाच्या घरावर कर तो किती बसणार? ज्या कुटुंबातील माणसे वर्षातील काही महिने ऊसतोडीला किंवा गुजरातेत मजुरीला जातात, त्यांच्याकडून बाजारभावाने वीज आणि पाणी यांची वसुली करा असे सांगणारा माणूस हिशेबात चुकत नसेल, पण न्यायात चुकतो. शिवाय खर्चावर ज्याचा ताबा नाही त्याला उत्पन्नाची शिस्त शिकविणे अर्धवटच ठरते. आपला कर कोठे जातो आणि त्यातून काय वाचते हे दिसले, तर लोक कर देतात. न वाचणाऱ्या, न समजणाऱ्या बिलासाठी कर मागितला की टाळाटाळ होते.

नगराने आपली ऊर्जा आपण घ्यावी, हा विचार नवा नाही. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम नगरपालिकेने जोसेफ चेंबरलेन महापौर असताना, १८७५ मध्ये, शहरातील खाजगी गॅस कंपन्या विकत घेतल्या आणि त्यांचा नफा नगराच्या कामी लावला. पुढे अशा कार्यक्रमाला टीकाकारांनी ‘गॅस-पाण्याचा समाजवाद’ असे हिणविले. पण सामान्य माणसाच्या घरात समाजवाद प्रथम पोहोचला तो याच वाटेने. मुंबई महापालिकेने ७ ऑगस्ट १९४७ रोजी वीज व ट्राम कंपनी ताब्यात घेतली. त्या बेस्टच्या वीजविक्रीतील शिलकीवर मुंबईची स्वस्त बससेवा कित्येक वर्षे चालली. जर्मनीतील हॅम्बुर्गच्या नागरिकांनी २०१३ मध्ये सार्वमताने शहराचे वीजजाळे परत विकत घेण्याचा निर्णय केला. डॉ. राममनोहर लोहियांनी चौखंबा राज्याची कल्पना मांडली तेव्हा गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र या चारही खांबांवर सत्तेचा आणि साधनांचा भार वाटला जावा, हेच त्यांना अभिप्रेत होते. ऊर्जेच्या बाबतीत आपले राज्य आजही दोनच खांबांवर उभे आहे.

मात्र महाराष्ट्रातील अनुभव आंधळ्या उत्साहाला आवर घालणारा आहे, हेही मान्य केले पाहिजे. श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था १९६९ नंतरच्या ग्रामीण विद्युतीकरणाच्या लाटेतील मोठा प्रयोग होती. ती मंडळाकडून घाऊक वीज घेऊन सभासदांना वाटीत असे. वसुली घटली, देणी फुगली आणि २०११ मध्ये तिचे वितरण महावितरणकडे गेले. यावरून सहकार अशक्य ठरत नाही. परंतु स्वतः वीज निर्माण न करता केवळ मध्यस्थ म्हणून विकत घेणारी आणि स्थानिक सत्ताकारणापासून वसुली अलिप्त ठेवू न शकणारी संस्था टिकत नाही, एवढे निश्चित ठरते. म्हणून प्रत्येक गावाने तारा आणि खांब आपल्याकडे घ्यावेत, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही.

दुसऱ्या टोकाची वाट म्हणजे खुला बाजार. ग्राहकाला विक्रेता निवडू द्या, स्पर्धेने दर उतरतील, असे सांगितले जाते. दाभोळच्या एन्‍रॉन प्रकल्पाशी १९९३ मध्ये झालेला खरेदी करार आणि २००१ मध्ये त्याचा झालेला शेवट ज्यांना आठवतो, त्यांना खाजगी वीज आपोआप स्वस्त असते हे पटविणे अवघड आहे. खुल्या प्रवेशाची सवलत मोठ्या ग्राहकांसाठी आहे. हरित ऊर्जेसाठी २०२२ च्या नियमांनी ती मर्यादा १०० किलोवॉटपर्यंत खाली आणली, तरी एखाद्या पंपाच्या आणि काही दिव्यांच्या ग्रामपंचायतीला ती सहसा गाठता येणार नाही. मोठे ग्राहक बाजारात निघून गेले की त्यांच्याकडून मिळणारी क्रॉस सबसिडी आटते आणि सार्वजनिक कंपनीकडे उरतो तो गरिबांचा भार. जानेवारी २०२३ मध्ये वीज कर्मचाऱ्यांनी समांतर वितरण परवान्याविरुद्ध संप पुकारला तो याच कारणाने, आणि त्यांचे म्हणणे योग्य होते. महावितरण सार्वजनिक राहिली पाहिजे. प्रश्न आहे तो तिच्या आणि पंचायतीच्या नात्याचा.

ते नाते बदलता येते, हे साध्या हिशेबाने दाखविता येईल. एखाद्या गावात दहा अश्वशक्तीचा, म्हणजे साडेसात किलोवॉटचा पंप रोज सहा तास चालतो असे धरू. त्याला दिवसाला ४५ युनिट लागतील. दोनशे पथदिवे जुन्या नळीचे, चोकसह प्रत्येकी ५० वॉटचे असले आणि रोज अकरा तास जळले, तर ११० युनिट खर्च होतात. त्यांऐवजी २० वॉटचे एलईडी दिवे बसविले तर ४४ युनिट पुरतात. एवढ्या बदलानेच वर्षाला सुमारे २४ हजार युनिट वाचतात. मग उरली पंप आणि दिवे मिळून रोजची ८९ युनिटची गरज. आपल्याकडे एक किलोवॉटचे सौर संच सरासरीने दिवसाला चार युनिट देतात. म्हणजे बावीस किलोवॉट पुरेत. त्यासाठी लागणारी सव्वादोनशे चौरस मीटर जागा शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या छपरांवर सापडण्यासारखी आहे. किलोवॉटला ५० ते ६० हजार रुपये धरले तर खर्च ११ ते १३ लाख. आठ रुपये युनिट या दराने वर्षाला अडीच लाखांहून अधिक बिल वाचते. पाचएक वर्षांत भांडवल परत येते आणि पत्रे टिकतात सुमारे पंचवीस वर्षे.

हे भांडवल कोठून आणावयाचे? येथे सरकारचीच एक योजना विचारात घ्यावी. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० ही २०२३ पासूनची योजना. उपकेंद्राजवळच्या जागेवर खाजगी विकासक सौर प्रकल्प उभारतो आणि दीर्घ मुदतीच्या कराराने महावितरणला वीज विकतो. शासकीय जमीन नाममात्र भाड्याने दिली जाते. ज्या ग्रामपंचायतीच्या हद्दीत प्रकल्प येतो तिला वर्षाला पाच लाख याप्रमाणे तीन वर्षे, एकूण पंधरा लाख रुपये मिळतात. शेतकऱ्याला दिवसा वीज मिळावी हा या योजनेचा हेतू स्वागतार्हच आहे. परंतु त्यातील वाटणी पाहावी. विकासकाला पाव शतकाचे निश्चित उत्पन्न. गावाला तीन वर्षांचे बक्षीस. गायरान गावाचे, ऊन गावावरचे, आणि वीज मात्र गावाने पुन्हा दरपत्रकाप्रमाणे विकत घ्यावयाची. विशेष म्हणजे ही पंधरा लाखांची रक्कम वरील हिशेबातील सौर संचाला पुरून उरते. तीच रक्कम बक्षीस म्हणून न वाटता गावाच्या मालकीच्या संचात गुंतविली, तर तीन वर्षांनी संपणारे अनुदान पंचवीस वर्षांच्या उत्पन्नात बदलते. दान आणि मालकी यांतील भेद याहून स्पष्ट कसा दाखविणार?

हे स्वप्नरंजन नव्हे. तमिळनाडूतील कोइम्बतूर जिल्ह्याच्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये आपली ४० लाखांची शिल्लक आणि बँकेचे कर्ज यांतून दीड कोटीहून अधिक रुपयांची ३५० किलोवॉटची पवनचक्की विकत घेतली. गावाची गरज भागवून उरलेली वीज तिने राज्याच्या मंडळाला विकली. केरळात पालक्काड जिल्हा पंचायतीने मीनवल्लम येथे तीन मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प २०१४ मध्ये चालू केला. खुद्द नंदुरबार जिल्ह्यात, धडगाव तालुक्यातील बिलगाव येथे, नर्मदा बचाओ आंदोलनाच्या कार्यकर्त्यांनी आणि गावकऱ्यांनी केरळातील तंत्रज्ञांच्या साहाय्याने २००३ मध्ये १५ किलोवॉटचा छोटा जलविद्युत संच श्रमदानाने उभारला होता. पुढे तो पुराच्या पाण्यात नष्ट झाला. पण आदिवासी गाव वीज निर्माण करू शकते, तिचा हिशेब ठेवू शकते आणि तिची वाटणी करू शकते, हे त्याने सिद्ध केले. त्या संचाला मोठ्या योजनेत जागा नव्हती, हा त्या गावाचा दोष नव्हता.

यातून काही मागण्या निघतात. पहिली, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या वीजवापराची तपासणी जिल्हा परिषदेने आपल्या खर्चाने करून तिचा अहवाल ग्रामसभेत मराठीत आणि शक्य तेथे बोलीत वाचून दाखवावा. किती मीटर, कोणता वर्ग, किती मंजूर भार, किती युनिट आणि किती व्याज, एवढ्या पाच गोष्टी लोकांना कळल्या तरी निम्मे काम होईल. दुसरी, विद्युत कायद्याच्या कलम ९४ नुसार आयोग ग्राहकांचा प्रतिनिधी नेमू शकतो. ग्रामपंचायतींसाठी असा स्वतंत्र प्रतिनिधी असावा आणि त्याने दरनिश्चितीच्या सुनावणीत पंचायतींची बाजू मांडावी. तिसरी, तालुक्यातील ग्रामपंचायतींनी संघ स्थापून एलईडी दिवे, पंप आणि सौर संच एकत्र खरेदी करावेत, आणि विजेसाठी अशा संघाला एकच ग्राहक मानावे. नवापूर तालुक्याच्या सर्व पंचायती मिळून जो सौदा करतील तो एकटी विसरवाडी करू शकणार नाही. चौथी, पंचायतीच्या छपरावर दिवसा तयार झालेली वीज तिच्या रात्रीच्या पथदिव्यांच्या खात्यात युनिटला युनिट या हिशेबाने वळती व्हावी. पाचवी, पेसा क्षेत्रातील शासकीय वा गायरान जमिनीवर सौर प्रकल्प आणताना ग्रामसभेची संमती तर घ्यावीच, पण ग्रामपंचायतीला त्या प्रकल्पात भागीदारीही मिळावी. आदिवासी उपयोजनेतील पाच टक्के अबंध निधी २०१५ पासून अशा पंचायतींना थेट मिळू लागला. पायाभूत सुविधांसाठीच्या त्यातील अंशाने भागीदारीचा आरंभ करता येईल. आणि सहावी, पाण्याचा पंप व पथदिवे यांची जोडणी थकबाकीसाठी तोडू नये. वाद कंपनी आणि पंचायत यांच्यात असतो. शिक्षा मात्र ज्याने कधी बिल पाहिलेही नाही त्याला होते.

यांपैकी एकही मागणी क्रांतीची वाट पाहावी लागेल अशी नाही. काहींना शासननिर्णय पुरेल, काहींना आयोगाचा आदेश, आणि पहिलीसाठी तर केवळ ग्रामसभेचा ठराव. तेथूनच आरंभ करावा. येत्या ग्रामसभेत विसरवाडीसारख्या गावाने वर्षभराची बिले पटलावर ठेवावीत, त्यांची बेरीज करावी आणि एकच प्रश्न विचारावा : एवढ्या पैशात आपण पुढील पंचवीस वर्षे वीज विकत घेत राहणार, की ती निर्माण करणारे साधन एकदा विकत घेणार? या प्रश्नाचे उत्तर ज्या दिवशी ग्रामसभा स्वतः देईल, त्या दिवशी अकराव्या अनुसूचीतील त्या ओळीला प्रथमच अर्थ येईल.